नाममुद्रेची शाई

'इन्फ्रारेड'ला मराठीत आपण अवरक्त म्हणतो. अव म्हणजे खालचा, रक्त म्हणजे तांबडा. हिंदीतही हाच शब्द आहे, बंगालीत अवलोहित. या शब्दांमध्ये एक जिना आहे आणि आपण तांबड्याच्या पायरीवरून एक पायरी खाली उतरतो. तमिळने जिना मोडून घर बांधलं. तिथे इन्फ्रारेड म्हणजे अगच्चिवप्पु, आतला तांबडा. आणि अल्ट्राव्हायोलेट म्हणजे पुऱ ऊदा, बाहेरचा जांभळा. संगम कवितेशी ज्यांची थोडीशी ओळख आहे त्यांना हे अग आणि पुऱ लगेच ऐकू येतील. प्रेमाची, विरहाची, नाव न घेता बोलणारी कविता अगम. राजाची, युद्धाची, दानाची, नावानिशी बोलणारी ती पुऱम. भौतिकशास्त्राचं पाठ्यपुस्तक तमिळमध्ये आणताना ज्या कोणी हे शब्द बसवले, त्यांच्या मनात ही विभागणी होती की नाही, याला फारसं महत्त्व नाही. भाषेच्या मनात ती होतीच.

अगम कवितेचा एक दंडक असा की तिच्यातल्या माणसांना नाव नसतं. नायिका, सखी, आई एवढंच. हा दंडक मी एम. ए.ला तौलनिक साहित्याच्या वर्गात शिकले आणि परीक्षेपुरता लक्षात ठेवला. तो पुन्हा समोर आला एका बाडामुळे. त्या बाडापायी मला एका वर्णपटमापकाच्या लेन्स बदलताना बघत दोन दिवस बसावं लागलं.

बाड चेन्नईतल्या एका तंजावरी मराठी कुटुंबाकडचं. तंजावरला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात भोसल्यांची गादी आली आणि १८५५मध्ये संपली. तिच्याबरोबर गेलेली आणि तिच्यानंतरही तिथेच राहिलेली मराठी घरं आज तमिळनाडूभर आहेत. या घरातलं बाड म्हणजे हातकागदाची जाड वही, बालबोध अक्षरात लिहिलेली २३ पदं. मी त्यांचा इंग्रजी अनुवाद करत होते. बहुतेक पदांच्या शेवटच्या चरणात घराण्याच्या मूळपुरुषाचं नाव येतं. ते कीर्तनकार होते. वर्षातून एक दिवस त्यांच्या नावाने घरात गाणं होतं आणि नातेवाईक जमतात.

नावाची ही प्रथा आपल्याकडे सर्वत्र आहे. संतांच्या अभंगात नाममुद्रा, कर्नाटक संगीताच्या कृतींमध्ये मुद्रा, कन्नड दासांच्या पदात अंकित, बंगाली पदावलीत भणिता, गझलेच्या मक्त्यात तखल्लुस. छापखाना नव्हता तेव्हा कवीचं नाव पानाच्या वर नसे, ते कवितेच्या आत विणलेलं असे. म्हणून ते पुसणं कठीण. पण एक चरण जोडायचा म्हटला तर ते मात्र सोपं.

घरातल्या सगळ्यांत मोठ्या अक्का. वय ८३. त्यांचं म्हणणं होतं की २३पैकी चार पदं मूळपुरुषाची नाहीतच. ती घरातल्या एका सुनेची. हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलेलं, सासूला तिच्या सासूने. सुनेचं नाव कोणालाच माहीत नाही. सांगणारीने प्रत्येक वेळी 'मोठ्या घरची धाकटी' एवढंच सांगितलं. ती चार पदं वाचली की अक्कांचं म्हणणं पटावंसं वाटतं. त्यांत चूल आहे, ओल्या सरपणाचा धूर आहे, माहेरहून न आलेला निरोप आहे. पण एवढ्यावरून काही ठरत नाही. पुरुषांनी बाईच्या आवाजात पदं लिहायची परंपरा आपल्याकडे शेकडो वर्षांची आहे, आणि अनुवादकाने आपल्या पटण्यावर कोणाचं नाव काढू नये.

मला खटकलं ते वेगळं होतं. या चार पदांत नावाचा चरण पानाच्या तळाशी जरा दाटीने बसवलेला दिसत होता. अक्षराचं वळण जवळपास तेच, शाई तशीच काळपट तपकिरी. अक्कांचे पुतणे, ज्यांच्या ताब्यात बाड आहे, म्हणाले, "कागद संपत आला की सगळेच दाटीने लिहितात." हेही खरंच होतं.

इथे शाईबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे पोथ्या-बाडांची मुख्य शाई काजळाची: दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक, पाणी, आणि भरपूर घोटणं. दुसरी शाई हिरड्यासारख्या तुरट फळाच्या काढ्यात हिराकस घालून होते. युरोपात हिरड्याच्या जागी माजूफळ, बाकी रसायन तेच. ही शाई कागदावर उतरताना फिकी असते. हवा लागून तिच्यातल्या लोहाचं रूप बदलतं, मग ती काळी होते. ती आम्लधर्मी असते आणि वर्षानुवर्षं कागद खाते. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांमध्ये जी निळी-काळी शाई चाले तीही याच जातीची. शंभर-दीडशे वर्षांनी काजळ आणि हिराकस दोन्ही काळसर-तपकिरी दिसू शकतात. डोळ्यांना फरक कळेलच असं नाही.

डोळ्यांना म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या प्रकाशात. त्याच्या पलीकडे गेलं की दोघी फारकत घेतात. काजळ म्हणजे कार्बन, तो तांबड्यातही प्रकाश गिळतो आणि अवरक्तातही. हिराकसाची शाई मात्र ७००च्या पुढे हळूहळू पारदर्शक होऊ लागते. १०००च्या आसपास ती चांगलीच फिकी पडते आणि आणखी पुढे जवळजवळ दिसेनाशी होते. या गुणाचा उपयोग जुना आहे. मृत समुद्राकाठी सापडलेल्या गुंडाळ्यांचं कातडं काळवंडून गेलं होतं, अक्षर दिसत नव्हतं. १९५०च्या दशकात जेरुसलेमच्या पॅलेस्टाइन पुरातत्त्व संग्रहालयाचे छायाचित्रकार नजीब अल्बिना यांनी अवरक्त फिल्मवर त्यांचे फोटो घेतले. कातडं उजळलं, काजळाची अक्षरं काळीच राहिली, आणि मजकूर वाचता आला.

माझा मावसभाऊ बंगळुरूला प्रकाशीय उपकरणं दुरुस्त करतो. मी त्याला दादा म्हणते. त्याच्याकडे एक जुना वर्णपटमापक पडून होता, कापडाच्या रंगशाळेतून भंगारात निघालेला. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी काळी पेटी. कापडाचा रंग मोजायला बनवलेली, म्हणून तिची नजर माणसाच्या नजरेएवढीच: ४०० ते ७००. मी विचारलं, ही पुढचं बघेल का? दादा म्हणाला, "आतला डोळा बघू शकतो. त्याला बघू दिलेलं नाही."

पेटी उघडल्यावर हे वाक्य कळलं. प्रकाश एका बारीक झिरीतून आत येतो. पहिली लेन्स त्याचे किरण समांतर करते. मग तो ग्रेटिंगवर पडतो. ही एक आरशासारखी पट्टी असते, तिच्यावर दर मिलिमीटरला ६०० रेघा. ती प्रत्येक तरंगलांबीला वेगळ्या कोनात वळवते. दुसरी लेन्स हे वेगवेगळे कोन गोळा करून डिटेक्टरवर शेजारी शेजारी बसवते. डिटेक्टर सिलिकॉनचा, सुमारे २८ मिलिमीटर लांब, त्यात २०४८ बारीक चौकटी. सिलिकॉनला अंदाजे ११०० नॅनोमीटरपर्यंत दिसतं. म्हणजे डोळा होताच. पण वाटेत निळसर हिरवट काचेचा एक तुकडा लावला होता, अवरक्त अडवणारा. रंगशाळेला तो हवाच होता; माणसाला न दिसणारा प्रकाश रंगाच्या हिशेबात घुसला तर हिशेब बिघडतो.

तो तुकडा काढला की झालं, असं मला वाटलं. दादाने पंगतीचं उदाहरण दिलं. डिटेक्टर म्हणजे २०४८ पाटांची पंगत. पाट वाढवता येत नाहीत. दुसऱ्या लेन्सचं नाभीय अंतर १५० मिलिमीटर आहे, त्या हिशेबाने पंगतीत ३०० नॅनोमीटर बसतात. तुला जास्त माणसं बसवायची आहेत. मग अंतर कमी असलेली लेन्स लावायची, म्हणजे तोच वर्णपट आखूड होऊन पडतो. १०० मिलिमीटरच्या लेन्सने दीडपट, साधारण ४५०-४६० नॅनोमीटर बसतील. त्याची किंमत अशी की आधी एका पाटाच्या वाट्याला ०.१५ नॅनोमीटर यायचे, आता ०.२२ येतील. अगदी खेटून असलेल्या दोन बारीक रेषा या पेटीला आता वेगळ्या ओळखता येणार नाहीत. शाईचे वर्णपट मात्र रुंद, सावकाश चढणारे. त्यांना एवढा तोटा चालतो.

मग त्याने माझी दुसरी समजूत काढली. लेन्सने फक्त पसारा ठरतो. पंगत कुठून सुरू करायची हे ग्रेटिंग किती फिरवलं त्यावर. ते त्याने थोडं फिरवलं, ५७०पासून १०३०पर्यंत पोचायला. आणि इथे एक अडचण उभी राहिली जी मला अजून सुंदर वाटते. ग्रेटिंग एका तरंगलांबीला एकाच कोनात पाठवत नाही. ५०० नॅनोमीटरचा हिरवा आपल्या जागी पडतोच, शिवाय त्याची दुसरी प्रत बरोबर १०००च्या जागी पडते. पेटीला दोघांतला फरक कळत नाही. म्हणजे मी अवरक्त समजून जे वाचणार, तो हिरव्याचा पडसाद असू शकतो. उपाय एकच: ५५०च्या आतला सगळा प्रकाश दाराशीच अडवायचा. दादाने झिरीपुढे नारिंगी काचेची गाळणी लावली. निळा, जांभळा आणि बराचसा हिरवा पेटीने कायमचा सोडला.

अनुवादावरच्या चर्चासत्रांमध्ये 'काय हरवतं' या विषयावर मी पुष्कळ ऐकलं आहे आणि थोडं बोललेही आहे. तिथे हरवणं हा नेहमी अपघात असतो, नाहीतर पाप. दादाच्या टेबलावर ते मोजमाप होतं. काय हवं आहे ते ठरलेलं, काय सोडायचं ते आकड्यात लिहिलेलं.

लेन्स बदलण्याचं प्रत्यक्ष काम हळू चाललं. जुन्या दोन्ही लेन्स काढायच्या होत्या, पहिलीचं नाभीय अंतर तेच ठेवायचं असलं तरी. कारण लेप. उघड्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. तो कमी करायला काचेवर पातळ थर चढवतात. पण थराची जाडी एका विशिष्ट पट्ट्यासाठी बेतलेली असते. दृश्य प्रकाशासाठीचा थर अवरक्तात कधी कधी उघड्या काचेपेक्षाही जास्त प्रकाश परत पाठवतो. नव्या लेन्सवरचा थर ६५० ते १०५०साठीचा होता. लेन्स धरून ठेवणाऱ्या कडीला समोरासमोर दोन खाचा असतात, त्यांत चिमट्यासारखा पाना बसवून ती फिरवायची. लेन्स फक्त कडेने धरायची. या लेन्स दोन काचा चिकटवून केलेल्या असतात, त्यांची एक बाजू जास्त फुगीर. ती समांतर किरणांकडे ठेवायची. उलटी बसली तरी चित्र दिसतं, फक्त कडा पसरट होतात.

शेवटी अंतर. काच प्रत्येक तरंगलांबीला सारखं वाकवत नाही, तांबड्याच्या पलीकडे जाताना कमी कमी वाकवते. नेहमीच्या प्रकाशीय काचेची साधी एकेरी लेन्स घेतली, पिवळ्या प्रकाशात नाभीय अंतर १०० मिलिमीटर असलेली, तर १००० नॅनोमीटरला ते १०१.८च्या आसपास जातं. जोडलेल्या दोन काचा हा फरक पुष्कळसा भरून काढतात, पण पूर्ण नाही. म्हणून डिटेक्टर स्क्रूने केसभर पुढे-मागे करत, रेषा बारीक होईपर्यंत बघत बसायचं. दुसऱ्या दिवसाची सकाळ त्यात गेली.

आता पेटी बघत होती, पण काय बघते ते तिला सांगता येत नव्हतं. पाट क्रमांक ९०० म्हणजे किती नॅनोमीटर? जुनं कोष्टक रद्द झालं होतं. त्यासाठी ज्यांच्या रेषा पक्क्या ठाऊक आहेत असे दिवे लागतात. दादाने विजेचा टेस्टर घेतला. त्यातला इवलासा तांबूस दिवा निऑनचा: ५८५.२, ६४०.२, ७०३.२, ७२४.५, ७४३.९. मग ट्यूबलाइट. ती पेटत असतानाचे पहिले काही क्षण आतला आर्गॉन वायू बोलतो, ७६३.५, ८११.५, ९१२.३, पाऱ्याची एक रेषा १०१४ला. पाऱ्याची प्रसिद्ध हिरवी रेषा, ५४६ची, गाळणीने अडवली होती. या रेषांवरून नवं कोष्टक तयार झालं. आयुष्यभर मी शब्दकोश वापरले, एखादा शून्यातून बनताना तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

बाड बंगळुरूला न्यायचा प्रश्न नव्हता. अक्कांनी ते घराबाहेर सोडलं नसतं, आणि ते योग्यच होतं. पेटी आम्ही रेल्वेने चेन्नईला नेली, मांडीवर. अक्कांच्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा टेस्टर लावून रेषा तपासल्या. प्रवासात कोष्टक सरकलं नव्हतं. पांढऱ्याचं प्रमाण म्हणून नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप, अनेक थर एकावर एक दाबून. दिवा हॅलोजनचा, मंद केलेला, एका तंतूतून कागदावर क्षणभरच पडणारा. बोरूची रेघ मिलिमीटरभर रुंद, म्हणून बारीक भोक पाडलेला काळा कागद मध्ये धरला. आधी नमुने घेतले. मी दोन आठवड्यांपूर्वी हातकागदावर दोन्ही शाया करून रेघा ओढून ठेवल्या होत्या. काजळाची रेघ ५७०पासून १०३०पर्यंत जमिनीलगत सरपटत राहिली. हिरडा-हिराकसाची तांबड्यापर्यंत तिच्याच शेजारी होती, मग सुटली आणि चढत गेली.

अक्का खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. पुतणे दारात उभे. १००० नॅनोमीटरच्या आसपास सिलिकॉनची नजर क्षीण होते, आकडे थरथरतात, म्हणून प्रत्येक अक्षरावर शंभर वाचनांची सरासरी घ्यावी लागत होती. दुपारचे दोन वाजले.

इतर पदं आणि त्यांतले नावाचे चरण: काजळ. त्या चार पदांचा मजकूर: काजळ. त्यांपैकी तीन पदांच्या शेवटच्या चरणाची रेघ ७५०च्या पुढे उठली आणि चढत गेली. चौथ्याची उठली नाही.

पुतणे म्हणाले, "शाई संपली असेल. दुसरी घेतली." शंका रास्त होती. पण ही तीन पदं बाडात सलग नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्यात १२ पानं आहेत आणि मधली सगळी पदं, अगदी त्यांच्या शेवटच्या अक्षरापर्यंत, काजळाची. शाई नेमकी तीनदा नाममुद्रेपाशीच संपली असं मानावं लागेल. त्यापेक्षा तिन्ही चरण नंतर, बहुधा एकाच बैठकीत घातले हे मानणं सोपं.

आणि इथेच थांबायला हवं, हेही दादाने त्यांना सांगितलं. वर्णपट म्हणतो की ही शाई काजळाची नाही. ती हिराकसाची आहे हे पानाच्या मागच्या बाजूवरून जास्त संभवतं; फक्त त्या तीन चरणांच्या पाठीमागे कागद तपकिरी पडला आहे. लोह आहे का हे बघायची एक चाचणी असते, तिच्यात ओलसर कागद अक्षराला टेकवावा लागतो. ती आम्ही केली नाही. चरण कोणी घातले, केव्हा, कशासाठी, हे कोणतीही तरंगलांबी सांगत नाही. राहून गेलेली खरी मुद्रा कोणी प्रामाणिकपणे पूर्ण केली असेल हेही शक्य आहे. त्या चरणांखाली दुसरं नाव लपलेलं नव्हतं. खाली नुसता कागद होता.

अक्कांना याचं नवल वाटलं नाही. सुनेने नाव घातलंच नसेल, त्या म्हणाल्या, घालायचं कोणतं? चौथ्या पदाबद्दल त्या ठाम होत्या: "तेही तिचंच." पुतणे तितकेच ठाम, चारही मूळपुरुषांची. पुढचे दोन महिने फोनवर हेच चाललं. वार्षिक गाण्याच्या दिवशी जमणारे नातेवाईक काय म्हणतील, हा प्रश्न पुतण्यांना खरोखर छळत होता, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्या नावाने ते घर एकत्र येतं.

अनुवादाच्या पुस्तकात मी ती तीन पदं नावाच्या चरणाशिवाय छापते आहे. चरण तळटीपेत, अनुवादासकट, आणि तिथे एवढंच वाक्य की हा चरण वेगळ्या शाईत, बहुधा नंतर लिहिलेला आहे. पुतण्यांनी संमतीपत्रावर सही करताना अट घातली की तळटीपेचा टाइप मजकुरापेक्षा लहान नसावा. प्रकाशकाने मान्य केलं. चौथं पद नावासकट जाईल. अक्कांची स्मृती तिथेही खरी असू शकते, पण ती त्यांच्या नावाने प्रस्तावनेत येईल. कवितेच्या पानावर माझ्याकडे काजळाविरुद्ध पुरावा नाही.

तीन पदांच्या वर कवीच्या नावाची जागा मोकळी आहे. मुद्रितशोधकाने तिथे दोनदा प्रश्नचिन्ह करून पान परत पाठवलं. मी दोन्ही वेळा 'आहे तसं ठेवा' असं लिहिलं.